भाषणात हशा कसा पिकवावा: व्यासपीठावर जाण्याआधीची आणि गेल्यानंतरची तयारी

सोसायटीचा गणेशोत्सव, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन, बँकेतल्या साहेबांचा निरोप समारंभ, मित्राच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन, हिंजवडीतल्या कंपनीचा वार्षिक कार्यक्रम. पुण्यात राहणाऱ्या माणसावर 'तुम्ही चार शब्द बोला' ही वेळ कधी ना कधी येतेच. बोलावणारा जाता जाता पुस्ती जोडतो, 'आणि जरा हलकंफुलकं असू द्या हं.' मग आपण मोबाइल उघडतो, व्हॉट्सॲपवर आलेले विनोद चाळतो, त्यातले दोन-तीन बाजूला काढतो आणि भाषणाच्या मधेमधे चिकटवतो. सभेत ते सांगितल्यावर पहिल्या रांगेतले चारजण भिडेखातर हसतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. तो विनोद त्यांनीही सकाळीच वाचलेला असतो.

ऐकणाऱ्याला 'अरे, हे तर अगदी आमच्याकडचंच' असं वाटलं, की तो हसतो. सभेतला बहुतेक हशा असाच येतो. म्हणून हसवण्याची तयारी म्हणजे मुख्यतः नीट बघण्याची आणि विचारपूस करण्याची तयारी. ती कुणालाही शिकता येते. घरात कमी बोलणारी, गंभीर चेहऱ्याची कितीतरी माणसं सभेत लोकांना खदखदून हसवतात, ती याच जोरावर. ही तयारी कशी करायची ते क्रमाने सांगतो.

समोर कोण बसणार आहे, ते आधी विचारा

निमंत्रण स्वीकारतानाच संयोजकांकडून काही गोष्टी काढून घ्या. माणसं साधारण किती, कोणत्या वयाची, सगळ्यांना मराठी नीट कळतं का, कार्यक्रम सभागृहात आहे की मांडवात, आपल्या आधी कोण बोलणार आहे, आणि जेवण आधी आहे की नंतर. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच. जेवणाआधी भुकेलेली माणसं छोट्या, चटकदार वाक्यांना दाद देतात. लांबलचक किस्सा सुरू केलात तर त्यांचं लक्ष मागच्या टेबलांकडे जातं.

भाषेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. पुणेकराला शब्दांवरची कोटी मनापासून आवडते. पण खराडी-हिंजवडीच्या कार्यालयात समोर बंगाली, तमिळ, हिंदी बोलणारे सहकारी असतात. तिथे श्लेष पडतो आणि निम्मी माणसं शेजाऱ्याला 'काय म्हणाले?' असं विचारू लागतात. अशा ठिकाणी प्रसंगातला विनोद चालतो: लिफ्टमधली गर्दी, मीटिंगमध्ये चालू राहिलेला माइक, चहाच्या मशीनसमोरची रांग. त्यासाठी कुणाला भाषांतर लागत नाही.

वेळेचंही पक्कं विचारा, आणि तरी त्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला आहे: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग सत्कारमूर्तींचं मनोगत. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला बंदी असते, त्यामुळे शेवटी बोलणाऱ्याच्या वेळेलाच कात्री लागते. पंधरा मिनिटांचं भाषण ऐन वेळी सात मिनिटांत करायला लागलं तर कोणता भाग गाळायचा, हे घरीच ठरवून कागदावर खूण करून ठेवा. सगळ्यात चांगला किस्सा शेवटासाठी राखून ठेवण्याचा मोह असतो. तो पहिल्या अर्ध्यात आणा.

ऐकायला जा, वही घेऊन

या बाबतीत पुणेकरासारखा भाग्यवान कुणी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही दरवर्षी उन्हाळ्यात टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात भरते. पत्रकार भवन, एस. एम. जोशी सभागृह, साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह इथे वर्षभर काही ना काही चालू असतं. एखाद्या संध्याकाळी जाऊन मागच्या बाजूला बसा आणि सभेचं निरीक्षण करा.

विनोद लिहून घेऊ नका. प्रत्येक वेळी हशा आला की तीन गोष्टी टिपा. हशा येण्याआधी वक्त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द कोणता होता? त्यानंतर तो किती थांबला? आणि मूळ विषयाकडे कोणत्या वाक्याने परतला? अशा दोन-तीन सभा ऐकल्यात तरी लक्षात येईल, की जमलेले वक्ते हशानंतर लगेच दुसरा विनोद करत नाहीत. लोक हसून सैल झालेले असतात, नेमकी तेव्हाच ते आपली गंभीर, महत्त्वाची गोष्ट सांगून टाकतात.

कीर्तनही असंच ऐका. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात नारदीय कीर्तनाची परंपरा जपली जाते. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, अशी त्याची घडण. पूर्वरंगात बुवा दृष्टांत देतात: घरातलं भांडण, बाजारातला व्यवहार, सासरी आलेला जावई. श्रोते हसतात आणि हसू ओसरायच्या आत बुवा अभंगाच्या मूळ चरणावर येतात. विनोद कितीही रंगला तरी तो चरणाला बांधलेला असतो. भाषण करणाऱ्याने घ्यावी अशी याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

मजकूर गोळा करा

आता प्रत्यक्ष कामाला लागू. समजा, बँकेतून निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोप समारंभात तुम्हाला बोलायचं आहे. बहुतेक भाषणं 'साहेब अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू आणि मनमिळाऊ आहेत' या वाक्याभोवती फिरतात. हे खरं असतं, पण त्यात चित्र नसतं. चित्र मिळवण्यासाठी तीन माणसांना फोन करा: बरोबरचा सहकारी, शिपाई आणि घरचं कुणीतरी. 'साहेबांबद्दल काहीतरी गमतीशीर सांगा' असं विचारू नका. समोरच्याला ऐन वेळी काही आठवत नाही. नेमकं विचारा. साहेब चिडले की काय करतात? त्यांच्या टेबलाच्या खणात काय असतं? डब्यात काय नको असतं? कोणती गोष्ट ते कुणालाही हात लावू देत नाहीत?

खणाच्या प्रश्नावर शिपाई सांगतो, की साहेबांच्या खणात एक काळी छत्री असायची. एवढं हाती लागलं की धागा सोडू नका, पुढे विचारत राहा. पावसात ती छत्री साहेब कुणालाही द्यायचे, पण स्वतः मात्र भिजत जायचे. का? मग भाषणात ते असं उतरतं:

'साहेबांच्या खणात एक छत्री असायची. पाऊस आला की ती ग्राहकाला मिळायची, शिपायाला मिळायची, एकदा तर गेटवरच्या भाजीवालीलाही मिळाली. साहेब स्वतः मात्र भिजत स्टँडवर जायचे. मी विचारलं, "साहेब, छत्री असून भिजता कशाला?" म्हणाले, "अहो, ती ऑफिसच्या कामासाठी आहे. मी निघालोय घरी."'

लोक हसतील, आणि हसता हसता साहेबांचा प्रामाणिकपणा त्यांना दिसेल. तो शब्द तुम्हाला उच्चारावाही लागणार नाही. सत्कारमूर्तीची गंमत करताना नियम एकच: ज्या सवयीचा त्यांना मनातून अभिमान आहे, तिचीच गंमत करा. ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटते, तिच्याजवळ फिरकू नका. ती कोणती, हे घरच्या माणसाला आधी विचारून घ्या. किस्सा खरा आहे ना, हेही दोन ठिकाणी पडताळा. अशा समारंभात रचून सांगितलेला किस्सा लोक लगेच ओळखतात.

विषयावरचं भाषण असेल, उदाहरणार्थ आरोग्य, गुंतवणूक, वाहतूक सुरक्षा, तर मजकूर शोधायची जागा दुसरी. माणसं बोलतात एक आणि करतात दुसरंच, ते टिपा. वजन कमी करायचं म्हणून लक्ष्मी रस्त्यावरून महागडे बूट आणणारा, आणि ते घालून जिन्याऐवजी लिफ्टने वर जाणारा माणूस प्रत्येक इमारतीत असतो. 'करायचं' आणि 'होतं' यांतली ही फट म्हणजेच विसंगती, आणि बहुतेक विनोद तिच्यातच जन्मतो. विषय कितीही कोरडा असो, ही फट सापडते. जीवन विम्याच्या सभेतही सापडते.

शिळ्या पुणेरी विनोदांपासून मात्र दूर राहा. दुपारी एक ते चार दुकान बंद, दारावरच्या पाट्या, 'जेवूनच आला असाल ना', हे सगळं इतक्या वेळा सांगून झालंय, की पुणेकर त्यावर सवयीने हसतो आणि बाहेरचा माणूस कंटाळतो. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर या आठवड्यात काय लागलंय ते वाचा.

वाक्य घडवा

बहुतेक जण इथे कमी पडतात, म्हणून या टप्प्यावर जास्त वेळ घालवा.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. 'होता', 'असतो', 'म्हणाला', 'आहे' हे शब्द शेवटी येतात आणि हसवणारा शब्द मधे अडकतो. लोक त्या शब्दावर हसू लागतात तोच वक्त्याचं 'असं ते म्हणत होते' हे शेपूट येतं आणि हशा विरून जातो. सुदैवाने मराठीत शब्दांचा क्रम बदलता येतो. बोलताना आपण तो सारखा बदलतो. लिहिलेलं भाषण वाचतानाच विसरतो. म्हणून हसवणारा शब्द उचलून वाक्याच्या टोकाला ठेवा. त्याच्यापुढे एकही अक्षर नको. वरच्या छत्रीच्या किश्शात साहेबांच्या तोंडचं शेवटचं वाक्य 'मी घरी निघालोय' असं म्हणून बघा, मग 'मी निघालोय घरी' असं म्हणा. फरक कानाला कळेल.

एक उदाहरण पायरीपायरीने करू. गणेशोत्सवात सोसायटीच्या सचिवांना बोलायचं आहे. पहिला खर्डा असा:

'आपल्या सोसायटीत पार्किंगवरून वर्षभर वाद होतात, पण गणपतीमध्ये मात्र सगळे एकत्र येतात ही आनंदाची गोष्ट आहे.'

यात हसण्यासारखं काही नाही, कारण यात माणसं नाहीत. 'सगळे' आणि 'वाद' हे शब्द कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाहीत. दुसऱ्या खर्ड्यात दोनच माणसं घ्या:

'आपल्याकडे दोन शेजारी वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, कारण पार्किंग. गणपतीत मात्र ते शेजारीशेजारी उभे राहून आरती म्हणतात.'

आता चित्र आलं, पण ते अजून उपदेशाकडे झुकतंय. ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे एकीचं महत्त्व येणार. त्याला तसं वाटू द्या, आणि नेमक्या त्याच जागी वळण घ्या:

'आपल्याकडे दोन शेजारी वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. कारण पार्किंग. गणपतीचे दहा दिवस मात्र दोघं खांद्याला खांदा लावून आरती म्हणतात. मला वाटायचं, बाप्पाची कृपा. परवा खाली जाऊन बघितलं. दोघांच्याही गाड्या रस्त्यावर. पार्किंगच्या जागेत उभा आहे आपला मांडव.'

'आपला मांडव उभा आहे' असं म्हटलं तर गंमत निम्मी होते. मांडव हा शब्द शेवटीच हवा, आणि तो येईपर्यंत त्याचा उल्लेख कुठेही नको. 'मांडवात आरती म्हणतात' असं आधी म्हणून बसलात तर ऐकणारा तुमच्या आधी तिथे पोहोचतो. 'कारण पार्किंग' हे तुटक वाक्यही मुद्दाम ठेवलंय. 'आणि याचं कारण म्हणजे पार्किंगच्या जागेवरून झालेला वाद हे होय' असं म्हणणाऱ्याला हशा कधीच मिळणार नाही.

दुसरं हत्यार म्हणजे भाषेची पातळी बदलणं. मराठीत सरकारी भाषा, पोथीतली भाषा, स्वयंपाकघरातली भाषा, रिक्षावाल्याची भाषा यांचे बाज अगदी वेगळे आहेत. एका जागेची भाषा दुसऱ्या जागी नेली की आपोआप गंमत होते. 'आईने कळवलं, की ताटातली कारल्याची भाजी संपेपर्यंत आमरसाची मागणी विचारात घेतली जाणार नाही.' यात कुणाची टिंगल नाही, कुणाला लागत नाही, आणि घरातल्या प्रत्येकाला ती आई दिसते. मात्र असं वाक्य एकदाच. पूर्ण भाषण कार्यालयीन मराठीत ओढलंत तर ते नाटकी वाटतं.

तिसरी गोष्ट तपशिलाची. 'खाऊ' म्हणण्यापेक्षा 'बाकरवडी' म्हणा, 'गाडी' म्हणण्यापेक्षा 'स्कूटर' म्हणा, 'लांब' म्हणण्यापेक्षा 'कात्रज' म्हणा. 'पाहुणे येणार होते म्हणून खाऊ आणला' यावर कुणी मान वर करत नाही. 'पाहुण्यांसाठी आणलेली बाकरवडी पाहुणे स्वारगेटला उतरेपर्यंत संपली' यावर करतात.

आणि सगळ्यात उपयोगी कसोटी: हशा आला नाही तरी वाक्य उभं राहतंय का? मांडवाच्या किश्शावर कुणी हसलं नाही, तरी सोसायटीबद्दल काहीतरी खरं सांगितलं गेलंच आणि भाषण पुढे जाऊ शकतं. जे वाक्य फक्त हशासाठी आहे, ते पडलं की वक्ताही त्याच्याबरोबर पडतो. अशी वाक्यं खर्ड्यातच खोडा.

काय वगळायचं

उच्चारांवर विनोद करू नका. 'ण' आणि 'न', वऱ्हाडी हेल, कोल्हापुरी 'काय करायलायस', ग्रामीण बोली, यांची नक्कल करून हशा मिळवणं पुण्यात सोपं आहे आणि म्हणूनच वाईट आहे. आज पुण्यात राहणारी कितीतरी माणसं सोलापूर, लातूर, बीड, नागपूरहून आलेली आहेत. आपल्या आईच्या बोलीवर सभागृह हसतंय, हे ऐकणाऱ्याला किती लागतं याची कल्पना करा. तो माणूस त्या संध्याकाळचं बाकी सगळं विसरेल, एवढं लक्षात ठेवेल.

जात, धर्म, रंग, वजन, टक्कल, अपंगत्व यांवर बोलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. बायकोवरच्या विनोदांबद्दल मात्र सांगायला हवं, कारण ते अजूनही सर्रास चालतात. त्यात समोर बसलेल्या निम्म्या श्रोत्यांना मूर्ख किंवा कजाग ठरवलेलं असतं. त्या दिवशी त्या हसतीलही, पण मनातून उठून गेलेल्या असतात. सासू-सून, सरदारजी, दारुडा, हे साचेही तसेच.

व्यासपीठावरच्या कमी अधिकाराच्या माणसाची, म्हणजे माइक लावणारा, चहा देणारा, नवखा सूत्रसंचालक यांची थट्टा करू नका. त्यांना उत्तर द्यायची सोय नसते. अध्यक्षांची हलकी गंमत चालते, तीही त्यांना आधी कल्पना देऊन.

भाषणात जागा ठरवा

दहा मिनिटांच्या भाषणात हसवण्याच्या तीन-चार जागा पुरेत. पहिली जागा पहिल्या मिनिटात हवी, आणि ती छोटी हवी. 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण सभेइतकी दुसरीकडे कुठे लागू पडत नाही: व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव पदासकट घेऊन झालं, की पहिलं मिनिट संपलेलं असतं. 'सर्व मान्यवर' म्हणा आणि सुरू करा.

सुरुवातीचा हशा त्याच सभेतून घ्यावा. तुमच्या आधीचे वक्ते काय म्हणाले ते लक्ष देऊन ऐका आणि एक ओळ टिपून ठेवा. प्रास्ताविकात कुणी म्हणालं, 'वेळेअभावी थोडक्यात बोलतो', आणि वीस मिनिटं बोललं, तर त्यांची खोड काढू नका. स्वतःच्या वेळी एवढंच म्हणा, 'मी मात्र सविस्तर बोलणार आहे. पाच मिनिटं.' अशा वेळी लोक वक्त्याला हजरजबाबी म्हणतात. त्यातला मोठा भाग कान उघडे ठेवण्याचाच असतो.

एक चांगली जागा भाषणाच्या शेवटाकडे परत आणता येते. पहिल्या भागात छत्री आली असेल, तर शेवटी साहेबांना शुभेच्छा देताना 'आता साहेब निघालेत घरी, छत्री ठेवून' असं म्हटलं की दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा येतो, आणि बहुधा साहेबांचे डोळेही भरून येतात. एकाच धाग्याला एकदाच परत या. तिसऱ्यांदा आलात तर धागा तुटतो.

हशाला वेळ लागतो, हे विसरू नका. प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद जातात, टाळी आली तर जास्त. दहा मिनिटं दिली असतील तर आठ मिनिटांचाच मजकूर लिहा.

तालीम

आरशासमोर तालीम करून विनोद तपासता येत नाही. आरसा कधी हसत नाही. किस्सा ओळखीच्या माणसाला सहज गप्पांत सांगून बघा: चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या बाकावर, डबा खाताना. 'भाषणात सांगणार आहे, कसा वाटतो बघ' असं आधी म्हणू नका. तसं म्हटलं की समोरचा परीक्षक होतो. तो हसला, तर कोणत्या शब्दावर हसला ते बघा. बऱ्याचदा तुम्ही ज्याला हसवणारा शब्द समजत होतात त्याच्या आधीच तो हसलेला असतो. मग पुढचा भाग कापा.

मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बहुतेकांना कळतं, की आपण किश्शाच्या शेवटी घाई करतो आणि शेवटचा शब्द गिळतो. तो शब्द स्वच्छ आणि सावकाश येईपर्यंत म्हणा. किस्सा पाठ करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ हवं.

नियमित सराव हवा असेल तर टोस्टमास्टर्सचे क्लब शहरात अनेक ठिकाणी आहेत. तिथल्या साध्या भाषणाला पाच ते सात मिनिटं मिळतात, आणि पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल दिवा लागतो. वेळेत हसवायची शिस्त लावायला हे चांगलं आहे.

सभागृह आणि माइक

पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. हसणं एकट्यादुकट्याने होत नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं, की माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट जास्त चारचौघांत हसतो. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ माणसं विखरून बसली, तर प्रत्येक जण जवळजवळ एकटाच असतो. म्हणून संयोजकांना सांगून मागच्या रांगांना दोरी बांधा आणि सगळ्यांना पुढे बोलवा. एवढ्या एका गोष्टीने भाषण बदलतं. खुर्च्या तुम्हाला लावायच्या असतील तर आधी कमीच लावा, माणसं वाढली की वाढवा.

श्रोत्यांवरचे दिवे पूर्ण घालवू देऊ नका. चेहरे दिसले नाहीत तर कुठे थांबायचं ते कळत नाही. मांडवात पंख्याचा आवाज आणि शेजारच्या मंडळाचा स्पीकर असतो, तिथे हळू आवाजातले नाजूक विनोद सोडून द्या. माइक तोंडापासून चार बोटं ठेवा आणि शेवटचा शब्द बोलताना मान वळवू नका. अध्यक्षांकडे कौतुकाने बघत शेवटचा शब्द उच्चारायची फार जणांना सवय असते, आणि नेमका तोच शब्द माइकमध्ये जात नाही.

ऑनलाइन सभेत सगळ्यांचे माइक बंद असतात. तिथे हशाची वाट बघत थांबू नका, अर्धा क्षण घ्या आणि पुढे चला.

उभं राहिल्यावर

'आता एक गमतीदार किस्सा सांगतो' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. लोक हसायला नाही, जोखायला बसतात. सरळ 'साहेबांच्या खणात एक छत्री असायची' असं सुरू करा. किस्सा सांगताना स्वतः आधी हसू नका. श्रोत्यांना हसायचं काम त्यांचं त्यांना करू द्या.

शेवटचा शब्द टाकला की गप्प राहा. हे सांगायला सोपं आहे, पण व्यासपीठावर ती दोन सेकंदं फार लांब वाटतात आणि घाबरून आपण पुढचं वाक्य सुरू करतो. मग हसायला लागलेले लोकही ऐकण्यासाठी हसू आवरतात, आणि पुढच्या वेळी हसतच नाहीत. हशा चढू द्या, आणि उतरायला लागला की पूर्ण संपायच्या आत बोलायला लागा. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलात तर परत जोर लावावा लागतो.

कुणीच हसलं नाही तर? आवाज, चेहरा, वेग काहीही न बदलता पुढचं वाक्य घ्या. 'विनोद होता हो' असं म्हणू नका, किस्सा समजावून सांगू नका. वाक्य घडवताना कसोटी लावली असेल, तर तिथे विनोद पडला हे कुणाला कळणारही नाही.

शिवाय प्रत्येक दाद मोठ्याने येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात दातही दिसत नाहीत, आणि अतिहसितात डोळ्यांत पाणी येऊन माणूस कुशी धरून हसतो. नवखा वक्ता प्रत्येक वेळी अतिहसिताची वाट बघतो आणि न मिळाल्यावर खचतो. ज्येष्ठ नागरिक संघात, शोकसभेनंतरच्या आठवणींत, डॉक्टरांच्या परिषदेत स्मित मिळालं म्हणजे काम झालं. चेहरे वाचायला शिका: खांदे सैल झाले, शेजाऱ्याकडे बघितलं गेलं, मान हलली, ही सगळी दादच.

आपल्या बोलण्याने कुणी दुखावलं गेलं असं दिसलं, तर तिथेच एका वाक्यात क्षमा मागा आणि पुढे जा. खुलासे करत बसलात तर तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री, कपडे बदलायच्या आत, कागदावर तीन रकाने करा: कुठे हसले, कुठे हसतील असं वाटलं पण हसले नाहीत, आणि कुठे अनपेक्षित हसले. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. पुढच्या भाषणाची उत्तम जागा त्यातच मिळते. शेजारी कार्यक्रम, ठिकाण आणि सांगितलेला किस्सा लिहून ठेवा. पुण्यात श्रोते तेच असतात: साहित्य परिषदेत भेटलेले काका पुढच्या महिन्यात पत्रकार भवनात तिसऱ्या रांगेत बसलेले दिसतात, आणि त्यांना तुमची छत्री पक्की आठवत असते. त्या वेळी खणातून दुसरं काहीतरी काढावं लागेल, म्हणून पुढच्या निमंत्रणाचा फोन आला की आधी ती वही उघडा.